सातबारा, जामीनदार आणि सिव्हिलची डिग्री

कोकणात शैक्षणिक कर्जाचं बोलणं निघालं की व्याजाच्या आधी सातबारा निघतो. त्यावर आजोबांचं नाव, खाली चार काका, दोन आत्या, त्यातले निम्मे मुंबईत. तारण द्यायचं तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. गणपतीला सगळे आले की विषय काढू, असं ठरतं आणि तोवर फी भरायची मुदत टळून जाते. सिव्हिल इंजिनिअरिंगची डिग्री परवडते का, हा प्रश्न इथे असा सुरू होतो. पूर्वी तो पडतच नसे.

पुण्यात १८५४ साली इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला तो बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती म्हणून. विश्वेश्वरय्या तिथून १८८३ मध्ये पास झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. जागा मोजक्या, आणि पुढे खात्यातली खुर्ची. कोकणातल्या मुलापुढे खरा प्रश्न राहण्या-जेवण्याचा असायचा. मुंबईत शिकायला गेला, तर तो प्रश्न गिरणीत कामाला असलेल्या काकाच्या खोलीत सुटायचा.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि हिशोब बदलला. जागा वाढल्या, पण खर्च सरकारकडून घराकडे सरकला. डोनेशन हा शब्द घराघरात पोहोचला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालानंतर ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ अशी विभागणी झाली. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती मोडली आणि पुढे फी ठरवायला समिती आली. दरम्यान लोणेऱ्याला १९८९ मध्ये तंत्रशास्त्र विद्यापीठ झालं, नव्वदच्या दशकात रत्नागिरीत आणि देवरुखजवळ आंबवला खासगी कॉलेजं निघाली. डिग्री घराजवळ आली, पैसे मात्र आले नाहीत. दागिने गहाण पडायचे, नाहीतर वाशीच्या व्यापाऱ्याकडून पुढच्या हंगामाच्या आंब्यावर उचल घ्यायची. कर्ज होतंच, फक्त त्याला शैक्षणिक म्हणत नसत.

बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली २००१ मध्ये. तिच्या पुढे सुधारलेल्या नियमांत ४ लाखांपर्यंत तारण नव्हतं, त्यापुढे ७.५ लाखांपर्यंत तिसऱ्या माणसाचा जामीन, त्याहून जास्त असेल तरच मालमत्ता. कागदावर हे कोकणासाठी सोयीचं होतं, कारण सामायिक जमिनीची अडचण बऱ्याच घरांपुरती टळायला हवी होती. तरीही ‘सातबारा आणा’ ऐकून परत आलेले पालक मला माहीत आहेत. २००९ पासून वार्षिक ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी शिक्षणाच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरू लागलं. २०२४ मध्ये राज्याने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि मराठा घरांतल्या मुलींची कॉलेजची शिक्षण फी पूर्ण माफ केली. अशा घरात भाऊ आणि बहीण एकाच कॉलेजात असतील, तर दोघांचं गणित आता वेगवेगळं मांडावं लागतं.

कमाईची बाजू जास्त विचित्र आहे. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये झालं, २६ जानेवारी १९९८ ला ७४१ किलोमीटरचा मार्ग खुला झाला. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवलचा ६४ मीटर उंच पूल, हे सगळं सिव्हिलवाल्यांचं काम, आणि त्यातला मोठा पैसा कर्जरोख्यांतून उभा केलेला. नंतर २०११ पासून मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण, ते तर संपता संपेना. गावातली माणसं म्हणतात, दारात एवढं काम आहे, पोराला काय कमी? पण ठेकेदार बाहेरचा, त्याची माणसं त्याच्याबरोबर येतात आणि सायटीवरच्या नव्या मुलाला मिळतो तो सुपरवायझरचा पगार.

आकडे मांडून बघू. दर वर्षाच्या सुरुवातीला १ लाख असं चार वर्षं १० टक्क्यांनी घेतलं आणि शेवटी हप्ता सुरू होण्याआधी एक वर्ष सवलतीचं मिळालं, तर साध्या व्याजानेही डोक्यावर ५ लाख ४० हजार होतात. सात वर्षांत फेडायचे तर हप्ता जवळपास ९ हजार. सुरुवातीला १८ हजार मिळत असतील तर निम्मा पगार हप्त्यातच गेला. तेच सरकारी कनिष्ठ अभियंत्याचं मूळ वेतन सातव्या आयोगात ३८,६०० पासून सुरू होतं, आणि त्या पदाला डिप्लोमा पुरतो. दहावीनंतर रत्नागिरी किंवा मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनात जायचं, मग हवं तर थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीला, म्हणजे एका वर्षाची फी वाचते. ही वाट जुनीच आहे, पण बारावी-सीईटीच्या गर्दीत ती कमीपणाची ठरली. मला तरी त्यात कमीपणा दिसत नाही.

डिग्रीच करायची असेल तर काही घरं आणखी एक करतात. मे-जूनमध्ये आंब्याचे पैसे हातात आले की वर्षाचं व्याज तेव्हाच भरून टाकतात. मग ४ लाखांचे ४ लाखच राहतात आणि हप्ता साधारण ६,६०० वर येतो.