ताण जुळवायची गोष्ट: अँटेनांच्या कॅलिब्रेशनची पार्श्वभूमी

सोलापुरात मागावर ताण्याचे चार धागे ढिले राहिले की कापडात पट्टा उमटतो. सूत तेच, धागा शाबूत. फक्त ताण जुळलेला नसतो. शहरातल्या गच्च्यांवर फाइव्ह-जीचे जे चपटे पॅनेल दिसतात, त्यांचं दुखणं याच जातीचं. एकेकात ६४ पर्यंत चॅनेल, म्हणजे सिग्नल पाठवायच्या-घ्यायच्या स्वतंत्र वाटा; प्रत्येकाचा अ‍ॅम्प्लिफायर वेगळा. सगळ्यांच्या लहरी एका तालात निघाल्या, तरच सिग्नलचा जोर हव्या त्या दिशेला जातो; हा ताल जुळवणं म्हणजे कॅलिब्रेशन. साडेतीन गिगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची, म्हणजे वाटेत एका सेंटिमीटरचा फरक पडला तरी फेज (लहर चढ-उताराच्या फेऱ्यात कुठे आहे ते; पूर्ण फेरा ३६० अंशांचा) चाळीस अंशांहून जास्त सरकते. त्यात आमचं मे महिन्यातलं ऊन! सकाळी जुळवलेलं दुपारी तसंच राहील याची खात्री नाही.

१९०५ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी तीन अँटेना वापरून लहरींना एका दिशेला जोर दिला, तिथून या विद्येची सुरुवात धरतात. पण जुळवणीचा खरा घोर लागला तो रेडिओ लहरींनी आकाश न्याहाळणाऱ्या रेडिओ खगोलवाल्यांना. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश पंचवीसेक किलोमीटरवर पसरल्या आहेत. तिथे टेप लावून काय मोजणार? म्हणून निरीक्षण मधेच थांबवून आकाशातली जागा पक्की ठाऊक असलेल्या एखाद्या रेडिओ स्रोताकडे वळायचं. तो जितका सरकलेला दिसेल, तितकी चूक आपली.

मला सगळ्यात आवडते ती ब्रिटिश रेडिओ खगोलशास्त्रज्ञ रॉजर जेनिसन यांची १९५८ची युक्ती. तीन अँटेना घ्या, जोडी-जोडीतला फेजचा फरक त्रिकोणाभोवती फिरत बेरजेत मांडा. प्रत्येक अँटेनाची चूक एकदा अधिक, एकदा उणे येते आणि आपोआप कटते. सत्तरच्या दशकात, फार दूरदूरच्या दुर्बिणी जोडायची वेळ आली तेव्हा, ही युक्ती पुन्हा कामाला आली.

टॉवरवर मात्र आकाशातला स्रोत कुठून आणायचा? शिवाय इथे वेगळीच अडचण. मोबाइलपर्यंतची हवेतली वाट जाता-येता सारखी असते, पण पॅनेलमधली पाठवायची आणि घ्यायची सर्किटं वेगळी. त्यामुळे मोबाइलकडून आलेल्या सिग्नलवरून परतीचा अंदाज थेट बांधता येत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या ‘आर्गोस’ या ६४ अँटेनांच्या प्रयोगात यावर घरगुती तोडगा निघाला: आपल्यातलाच एक अँटेना पंच नेमायचा, बाकीच्यांनी त्याच्याशी दोन्ही बाजूंनी सिग्नलची देवाणघेवाण करायची आणि त्या गुणोत्तरावरून प्रत्येकाची दुरुस्ती काढायची. मोबाइलला यातलं काही कळतही नाही.