समुद्री गोगलगायी : अंडी घालणे व अंड्यांचे संरक्षण

लिंपेट, अ‍ॅबलोन यांसारखे बहुतेक आद्य उदरपाद प्राणी (गोगलगायींचा वर्ग) अंडी व शुक्राणू थेट पाण्यात सोडतात. त्यापुढे जनकांचा संबंध उरत नाही. निषेचन (फलन) मादीच्या शरीरात होणाऱ्या गटांत मात्र अंड्यांना आवरण मिळते.

निओगॅस्ट्रोपोडा या समुद्री गोगलगायींच्या गणात अंडवाहिनीच्या ग्रंथीत अंड्यांभोवती प्रथिनयुक्त मऊ संपुट (कोश) तयार होते. बाहेर आल्यावर ते मादीच्या पादातील (सरपटण्याच्या स्नायुमय अवयवातील) ग्रंथीत धरले जाते. तेथे त्याला आकार येतो, ते कडक होते आणि खडकाला चिकटवले जाते. न्यूसेला लॅपिलस या गोगलगायीच्या जातीचे संपुट सुरईसारखे, सुमारे ८ मिमी. उंच असून तोंडाशी बूच असते. आतील शेकडो अंड्यांपैकी बहुतेक पोषक अंडी होत. वाढणारे भ्रूण ती खातात. सुमारे ४ महिन्यांनी बूच विरघळते व साधारण २५-३० पिले बाहेर पडतात. पोषक अंडी मुळात अफलित असतात की फलनानंतर त्यांची वाढ खुंटते, याविषयी मतभेद आहेत. जातीपरत्वे दोन्ही संभवते.

संपुट कशापासून वाचवते, हा प्रश्न अधिक वादाचा आहे. ते जलाभेद्य असावे हा समज प्रयोगांत टिकत नाही: भिंतीतून पाणी व क्षार ये-जा करतात. ओहोटीच्या वेळी पाऊस पडला की आतील क्षारता घटतेच. फक्त ती सावकाश घटते, आणि भ्रूणांना तेवढी सवड पुरत असावी. सुकण्यापासूनही भिंतीपेक्षा जागेची निवड जास्त उपयोगी पडते असे दिसते. ओलसर कपारी सोडून उघड्या खडकावर लावलेली संपुटे उन्हात वाळतात. खेकड्यांना जाड भिंत फोडणे अवघड जाते, एवढे मान्य आहे. डायकॅथेइस ऑर्बिटा या समुद्री गोगलगायीच्या अंडपुंजात जांभळ्या रंगाची पूर्वद्रव्ये (ज्यांपासून तो रंग बनतो ती द्रव्ये) असतात व ती जीवाणूंना मारक ठरतात.

नॅटिसिडी या गोगलगायींच्या कुलातील मादी वाळू व श्लेष्म (चिकट स्राव) यांची पट्टी शंखाभोवती वळवून तीत अंडी बसवते. ही वाळूची कॉलर किनाऱ्यावर कचरा समजून उचलली जाते. पण ती अखंड असेल तर बहुधा आत भ्रूण असतात. कवड्यांच्या माद्या अंड्यांवर पाद पसरून बसतात.

जहाजांच्या रंगातील ट्रायब्युटिल टिन या विषारी संयुगामुळे न्यूसेलाच्या माद्यांत नराची इंद्रिये वाढून जननरंध्र बुजते. तयार संपुटे आतच साठतात व अंडवाहिनी फुटून मादी मरू शकते. अशा रंगांवरील आंतरराष्ट्रीय बंदी २००८ मध्ये अमलात आली.