स्वतःपुरती एक डुप्लिकेट वस्तू चालते?

“परदेशात डुप्लिकेट माल विकणं गुन्हा, पण स्वतःला एखादी वस्तू घेतली तर काही होत नाही.” वर्षानुवर्षं फिरणारा हा फॉरवर्ड अगदीच हवेतून आलेला नाही. ट्रेडमार्क, पेटंट अशा हक्कांबद्दलच्या 1994 च्या ‘ट्रिप्स’ या आंतरराष्ट्रीय करारातलं कलम 60 सांगतं, की प्रवाशाच्या सामानातला, विक्रीसाठी नसलेला किरकोळ माल देशांनी कारवाईतून वगळला तरी चालेल. वगळलाच पाहिजे, असं मात्र नाही. घोळ इथेच होतो.

अमेरिकेत अशी सूट आहे: एका प्रकारची एकच वस्तू, 30 दिवसांतून एकदा, तीही सोबत आणलेली. बहिणीसाठी म्हणून बॅगेत दुसरी पर्स टाकली, की हिशेब बदलला. पार्सलने मागवलेल्या मालाला ही सूट नाही. इटलीत किनाऱ्यावर चादर पसरून विकली जाणारी पर्स घेणाऱ्यालाही 7,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. फ्रान्समध्ये तर अशी वस्तू नुसती जवळ बाळगणंही गुन्हा.



खात्री करायची तर कस्टम्सच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रवाशांसाठीचे नियम वाचा. जिथून निघताय आणि जिथे उतरताय, दोन्ही देशांचे.