मैदानी धनुर्विद्या स्पर्धेतील पहिला प्रवेश : कोल्हापूर जिल्ह्यातील नवोदितांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि मैदानावरील नियम

कोल्हापूर जिल्ह्यात धनुर्विद्येच्या मैदानी स्पर्धेत प्रथमच उतरणाऱ्या खेळाडूसमोर दोन वाटा असतात आणि त्यांतील कोणत्या वाटेने जायचे, हे अर्ज भरण्यापूर्वीच ठरवावे लागते. पहिली वाट शालेय क्रीडा स्पर्धांची आहे. या स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात, खेळाडूचे नाव त्याची शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय नोंदवते, १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात आणि निवड जिल्हा, विभाग, राज्य या क्रमाने पुढे जाते. दुसरी वाट संघटनेची आहे. तेथे खेळाडू क्लब किंवा प्रशिक्षण केंद्रातून जिल्हा संघटनेकडे, तेथून राज्य संघटनेकडे आणि पुढे १९७३ साली स्थापन झालेल्या भारतीय धनुर्विद्या संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत जातो. विद्यार्थ्याला दोन्हीकडे खेळता येते, परंतु एकीकडची नोंदणी दुसरीकडे ग्राह्य धरली जात नाही, त्यामुळे प्रशिक्षकाने क्लबमार्फत नाव दिले म्हणून शाळेने स्वस्थ बसू नये.

वयोगट मोजण्याची पद्धत पालकांनी नीट समजून घ्यावी. शालेय स्पर्धांमध्ये साधारणपणे ३१ डिसेंबर रोजीचे वय धरले जाते. जागतिक धनुर्विद्या महासंघाच्या नियमानुसार १८ वर्षांखालील गटात खेळाडूला ज्या वर्षी सतरावे वर्ष पूर्ण होते ते संपूर्ण वर्ष खेळता येते. म्हणजे २००९ च्या जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेला, असे दोन्ही खेळाडू ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतच या गटात पात्र राहतात. स्पर्धेच्या दिवशीचे वय मोजून गट ठरवणे चुकीचे आहे.

वयाइतकाच महत्त्वाचा निर्णय धनुष्यप्रकाराचा असतो, कारण प्रवेशिका व्यक्तीच्या नावाबरोबर धनुष्यप्रकारानेही नोंदली जाते. इंडियन राउंडमध्ये बांबूचे, साइट (नेम धरण्यासाठी धनुष्याला लावलेले साधन) नसलेले धनुष्य वापरतात आणि खर्चाच्या दृष्टीने ग्रामीण भागातील मुलांसाठी हाच प्रवेशाचा सोपा मार्ग आहे. खुल्या गटातील रिकर्व्हचे (टोके पुढे वळलेले धनुष्य) अंतर ७० मीटर, तर कंपाउंडचे (टोकांना चाके असलेले यांत्रिक धनुष्य) ५० मीटर असते आणि दोन्ही प्रकारांत पात्रता फेरीत ७२ बाण मारले जातात. रिकर्व्हच्या १८ वर्षांखालील गटाला ६० मीटर अंतर असते. त्याहून लहान गटांची अंतरे त्या त्या स्पर्धेच्या परिपत्रकातच पाहावीत. सातारा जिल्ह्यातील अदिती स्वामी हिने २०२३ साली बर्लिन येथे कंपाउंड प्रकारात जागतिक अजिंक्यपद जिंकले, तेव्हापासून आपल्याकडेही कंपाउंडची विचारणा अधिक होते. निवड करताना एवढे ध्यानात असावे की ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा प्रवेश २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेपासून आणि तोही केवळ मिश्र सांघिक प्रकारात होत आहे. लांबचे अंतर गाठण्यासाठी मुलाच्या ताकदीबाहेरचे पाउंडेज (दोरी ओढण्यास लागणारा, पाउंडांत मोजलेला जोर) लावणे मात्र कोणत्याही प्रकारात अयोग्य आहे. खांदा एकदा दुखावला की हंगाम जातो.

आता कागदपत्रांविषयी. जन्मदाखला, आधार कार्ड, शाळेचे बोनाफाइड प्रमाणपत्र, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचे खेळाडू ओळखपत्र, पासपोर्ट आकाराची छायाचित्रे आणि अल्पवयीन खेळाडूसाठी पालकांचे संमतिपत्र एवढा संच तयार ठेवावा. दहावी उत्तीर्ण असल्यास गुणपत्रक किंवा प्रमाणपत्रही जोडावे. मागणी झाल्यास वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला द्यावा लागतो. प्रती साक्षांकित असाव्यात आणि मूळ कागद मैदानावर सोबत असावेत, कारण वयाबाबत हरकत आली तर मूळ कागदच पाहिले जातात.

सर्वाधिक अडचण जन्मदाखल्याची येते. जन्माची नोंद कुटुंब राहते त्या गावी होत नसून जन्म जेथे झाला त्या ठिकाणच्या निबंधकाकडे होते. राधानगरी किंवा शाहूवाडी तालुक्यातील कुटुंबातील मूल कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जन्मले असेल, तर त्याचा दाखला गावच्या ग्रामपंचायतीत शोधून उपयोग नाही. तो कोल्हापूर महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात मिळतो. दाखला हाती आल्यावर नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि जन्मदिनांक ही चारही माहिती आधार कार्डाशी आणि शाळेच्या जनरल रजिस्टरशी अक्षरशः ताडून पाहावी. एका कागदावर ‘सुरज’ आणि दुसऱ्यावर ‘सूरज’ असेल, किंवा आधारवर केवळ जन्मवर्ष असेल, तर दुरुस्ती लगेच सुरू करावी. ज्यांच्या जन्माची नोंद एक वर्षानंतर झाली आहे, त्यांच्या दाखल्याची छाननी अधिक काटेकोर होते, म्हणून अशा खेळाडूंनी पहिलीच्या प्रवेशाचा शाळेतील उतारा सोबत ठेवावा, असा माझा आग्रह राहील. शालेय स्पर्धांची परिपत्रके पावसाळ्यात निघतात आणि प्रवेशिकांची मुदत थोडकी असते. मे महिन्याच्या सुटीत ही कामे उरकणारी कुटुंबे ऐनवेळी हेलपाटे घालत नाहीत.

औषधांविषयी फार कमी बोलले जाते. रक्तदाब, अर्धशिशी किंवा हात थरथरणे यांसाठी दिली जाणारी बीटा ब्लॉकर वर्गातील औषधे, उदाहरणार्थ प्रोप्रानोलॉल, धनुर्विद्येत केवळ स्पर्धेदरम्यान नव्हे तर स्पर्धेबाहेरही निषिद्ध आहेत. असे औषध सुरू असल्यास ते परस्पर बंद न करता डॉक्टरांशी बोलावे आणि उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज कसा करायचा, हे प्रशिक्षकाकडून समजून घ्यावे.

साहित्य तपासणीत पंच प्रथम बाण पाहतात. प्रत्येक बाणाच्या दांड्यावर खेळाडूचे नाव किंवा आद्याक्षरे असलीच पाहिजेत, एका खेपेत (बाण आणायला जाण्याआधी मारायच्या बाणांच्या संचात) वापरायचे सर्व बाण पिसांच्या आणि नॉकच्या (बाणाच्या मागील, दोरीत बसणाऱ्या खाचेच्या) रंगासह एकसारखे हवेत आणि दांड्याचा व्यास ९.३ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा. कंपाउंडचे कमाल पाउंडेज ६० आहे. पायात पूर्ण पाऊल झाकणारे बूट घालावेत. जीन्स आणि लष्करी छापाचे कपडे आंतरराष्ट्रीय नियमांत चालत नाहीत, म्हणून पहिल्या स्पर्धेपासूनच ते टाळावेत. कोल्हापुरात जिल्हा स्पर्धांच्या सुमारास पाऊस असतोच आणि केवळ पावसामुळे नेमबाजी थांबत नाही, तेव्हा रेनकोट, भाता झाकण्यासाठी प्लास्टिक आणि कोरडे फडके न विसरता घ्यावे.

मैदानावर शिट्टीचे संकेत पाठ असावेत. दोन शिट्ट्या झाल्या की खेळाडूंनी नेमरेषेवर यायचे, एक शिट्टी झाली की नेमबाजी सुरू करायची, तीन झाल्या की बाण आणण्यास जायचे आणि पाच किंवा अधिक शिट्ट्या सलग वाजल्या तर ताणलेली दोरी न सोडता हळूच परत आणून तत्काळ थांबायचे. बाण हातून निसटून नेमरेषेपुढील ३ मीटरच्या पट्ट्यात पडला, तर तो मारलेला धरला जात नाही आणि त्याऐवजी दुसरा मारता येतो. मात्र शिट्टीआधी तो उचलण्यासाठी रेषेपुढे पाऊल टाकू नये. एका खेपेत सहाऐवजी सात बाण मारले गेले, तर सर्वांत कमी गुणांचे सहाच मोजले जातात.

गुण नोंदवताना नवोदितांचे सर्वाधिक नुकसान होते. सर्व बाणांचे गुण लिहून होईपर्यंत बाणाला किंवा लक्ष्याच्या कागदाला हात लावू नये. बाणाचा दांडा वरच्या गुणाच्या रेषेला टेकलेला असेल, तर वरचा गुण मिळतो. वाद असल्यास बाण न उपटता पंचांना बोलवावे. बाण काढण्याआधी प्रत्येक छिद्रावर खूण करावी, म्हणजे पुढे एखादा बाण लक्ष्यावर आपटून मागे उडाला तर त्याचे नवे छिद्र ओळखता येते. शेवटी बेरीज स्वतः तपासून मगच गुणपत्रिकेवर सही करावी, कारण सहीनंतर तीच बेरीज मान्य केल्याचे धरले जाते.

स्पर्धा संपल्यावर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावरील नाव, गट, धनुष्यप्रकार आणि क्रमांक मैदान सोडण्यापूर्वी वाचून घ्यावा. राज्य शासनाच्या नोकऱ्यांतील खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी लागणारी कामगिरी बरीच वरच्या पातळीची असली, तरी पुढे पडताळणीच्या वेळी खालच्या स्तरावरील निवडीचे कागदही विचारले जाऊ शकतात. प्रमाणपत्रात चूक आढळल्यास संयोजकांकडे त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.