‘नंबर काढला’ म्हणजे डोळे तपासले का? नेत्रतपासणीची पार्श्वभूमी

चष्म्याला मराठीत ‘चाळिशी’ असा एक छान शब्द आहे. जवळचे दिसणे कोणत्या वयात कमी होते, ते त्या शब्दातच सांगून ठेवले आहे. दुसरा रोजचा शब्द म्हणजे ‘नंबर’. नाशिकच्या मेन रोडवर किंवा नाशिकरोडला चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढून आणला की डोळे तपासून झाले, असे बहुतेक घरांत धरून चालतात. हा समज कसा रुजला, हे पाहायचे तर पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते.

जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत पाहता येत नव्हते, तोवर बाहुली म्हणजे नुसते काळे छिद्र होते. १८५१ साली जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी प्रकाशाचा किरण आणि पाहणाऱ्याची नजर एका रेषेत आणणारे उपकरण जाहीर केले आणि आतला पडदा, शिरा, नेत्रमज्जा (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) हे सगळे दिसू लागले. १८६२ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेक्टच्या स्नेलेन यांनी अक्षरांचा तक्ता काढला. १९०५ मध्ये नॉर्वेच्या श्योट्झ यांचे डोळ्यातला दाब मोजण्याचे यंत्र आले. किती दिसते, आतला पडदा कसा आहे आणि दाब किती आहे, असे हे तीन वेगळे प्रश्न आहेत. त्यातला पहिला सोडवायला कागद, उजेड आणि भिंगे पुरतात. म्हणून तेवढाच दवाखान्याबाहेर पडून बाजारात पोहोचला. उरलेले दोन डॉक्टरांच्या खोलीतच राहिले.

त्या तक्त्यातही गोम आहे. तो सहा मीटरवरून वाचायचा असतो आणि ६/६ ओळीतले, म्हणजे चांगल्या नजरेला तिथून वाचता येणारे अक्षर सुमारे ८.७ मिलिमीटर उंच असते. लहान खोलीत तीन मीटरवर आरसा लावून अंतर पुरे करतात. आरसाही नाही आणि माणूस चार मीटरवर बसवला, तर कमी दिसणाराही पास होतो. मुले बोटांच्या फटीतून पाहतात, पुढच्याचे ऐकून अक्षरे पाठ म्हणतात, डोळे बारीक करतात. डोळे बारीक केले की फटीतून येणारा प्रकाश रेखीव होतो आणि नंबर लपतो. म्हणून डोळा बोटांनी न झाकता तळहाताने झाकावा, तोही न दाबता. एकेक डोळा वेगळा तपासावा, कारण एक डोळा चांगला असेल तर दुसरा आळशी आहे, म्हणजे त्याची नजर वाढीच्या वयात कमीच राहिली आहे, हे मुलाला स्वतःलाही कळत नाही. आळशी डोळ्याचा उपचार सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. तिरळा डोळाही आळशी होऊ शकतो, म्हणून तिरळेपणा शुभ मानून किंवा ‘मोठेपणी जाईल’ म्हणून थांबणे महागात पडते.

संगणकावर निघालेला नंबर हा फक्त पहिला अंदाज असतो. लहान मुलाच्या डोळ्यातले भिंग इतके लवचिक असते की यंत्रात पाहताना ते आपोआप जोर लावते आणि उणे नंबर खोटाच जास्त येतो. म्हणून मुलांना थेंब किंवा मलम घालून भिंग सैल करून मगच नंबर ठरवतात.

आता मोतीबिंदूकडे येऊ, कारण तपासणीबद्दलच्या आपल्या बहुतेक सवयी त्याच्यामुळे लागल्या आहेत. ‘पिकू द्या, मग काढू’ हे वाक्य अजूनही ऐकू येते. ते एके काळी बरोबर होते. जुन्या पद्धतीत मोठा छेद घेऊन डोळ्यातले भिंग आख्खे काढत आणि त्याच्या जागी काही बसवत नसत. मग सुमारे +१० नंबरचा जाड चष्मा लागे, वस्तू पावपटीने मोठ्या दिसत, पायरी चढताना पाऊल चुके. असला चष्मा लावण्यापेक्षा थोडे धूसर बरे, म्हणून दोन्ही डोळ्यांनी दिसेनासे होईपर्यंत थांबत. लंडनमध्ये रिडली यांनी १९४९ साली पहिले कृत्रिम भिंग बसवले, १९६७ मध्ये अमेरिकेत केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेण्याची पद्धत आणली आणि हिशेब उलटा झाला. पिकून कडक झालेला मोतीबिंदू फोडायला जास्त ताकद लागते, बुबुळावर ताण येतो; फार पिकला तर डोळ्यातला दाबही वाढतो. शस्त्रक्रिया बदलली तरी म्हण मात्र तशीच राहिली.

भारतात १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. अंधत्वाचे प्रमाण १.४ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर आणायचे हे त्याचे उद्दिष्ट आणि मुख्य लक्ष्य मोतीबिंदू. गावोगाव नेत्रशिबिरे भरली, शाळेत आणि मंगल कार्यालयातही शस्त्रक्रिया होत. १९८६ मध्ये उत्तर प्रदेशातील खुर्जा येथील शिबिरात जंतुसंसर्गाने ८० हून अधिक जणांचे ऑपरेशन केलेले डोळे गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. आज शिबिरात फक्त तपासतात आणि शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला गाडीने रुग्णालयात नेतात, त्यामागे असे धडे आहेत. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरून आजी-आजोबांना शहरात न्यावे लागते, याची घरच्यांना तक्रार वाटू नये.

या शिबिरांनी लाखोंना दृष्टी दिली. पण ‘दिसत नाही त्यानेच जायचे’ ही सवयही त्यांनीच लावली. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आले आणि पन्नाशीपुढच्यांत सुमारे दोन तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूमुळेच होते. ते शस्त्रक्रियेने परतवता येते. काळजी आहे ती न परतणाऱ्या आजारांची.

काचबिंदू हा त्यातला सर्वांत फसवा. नावातल्या ‘बिंदू’मुळे लोक त्याला मोतीबिंदूचा भाऊ समजतात आणि ‘पिकण्याची’ वाट पाहतात. दाबाने नेत्रमज्जा हळूहळू सुकते, कडेचे दिसणे आधी जाते, मधले शेवटपर्यंत टिकते. म्हणजे ६/६ वाचणाऱ्या माणसालाही काचबिंदू असू शकतो. दाब साधारण १० ते २१ (मिलिमीटर पारा) धरतात, पण त्याहून कमी दाबातही नुकसान होते आणि बुबुळ पातळ असेल तर यंत्र आकडा कमी दाखवते. म्हणून दाबासोबत नेत्रमज्जा पाहावीच लागते. आई, वडील किंवा भावंडांपैकी एकाला निघाला, तर चाळिशी उलटलेल्या बाकी सगळ्यांनी लगेच तपासावे. दमा किंवा त्वचेसाठी बराच काळ स्टेरॉईड घेणाऱ्यांनीही.

मधुमेहाचेही तसेच. टाइप २ निघाला त्याच महिन्यात पडदा तपासावा, कारण साखर त्याआधी कित्येक वर्षे वाढलेली असू शकते, पुढे दरवर्षी. टाइप १ असेल तर पाच वर्षांनंतर दरवर्षी. मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांत. साखर भडकलेली असताना नवा चष्मा करू नये. ती आटोक्यात आली की नंबर पुन्हा बदलतो आणि पैसे वाया जातात.

कुटुंबाचे वेळापत्रक एकसारखे नसते. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मलेले बाळ तीस दिवसांच्या आत तपासायचे. त्याच्या पडद्यावरच्या शिरांची वाढ अर्धवट असते आणि उपचाराची संधी फार थोडे दिवस मिळते. इतर मुलांची एक तपासणी शाळेत घालण्याआधी व्हावी. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. त्यांनी दिलेली चिठ्ठी दप्तरात पडून राहू नये. चष्मा असलेल्या मुलाचा नंबर सहा महिने ते वर्षाने पाहावा. चाळिशीत एकदा पूर्ण तपासणी, साठीनंतर दरवर्षी.

नाशिक जिल्ह्यात कामाचाही विचार करावा लागतो. येवल्यात मागावर पैठणी विणणाऱ्याचे आणि संगणकासमोर बसणाऱ्याचे काम वेगवेगळ्या अंतरावर असते. वाचनाचा चष्मा साधारण ३५ ते ४० सेंटीमीटरसाठी देतात. धागा किती लांब असतो ते टेपने मोजून सांगितले, तर चष्मा कामाला येतो. निफाड-दिंडोरीत छाटणीच्या वेळी द्राक्षाची काडी डोळ्यात लागली, तर मेडिकलमधून थेंब आणून घालू नयेत. त्यात स्टेरॉईड असेल तर बुरशीमुळे बुबुळावर झालेला, फूल (पांढरा डाग) पाडणारा व्रण झपाट्याने पसरतो. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याची बागेवरची फवारणी) कालवताना चुना डोळ्यात उडाला, तर पापण्या उघडून अर्धा तास स्वच्छ पाण्याची धार धरावी, मगच गाडी काढावी.

तपासणीला जाताना जुना चष्मा, चालू औषधांची चिठ्ठी आणि साखरेचा ताजा रिपोर्ट घ्यावा. पडदा पाहण्यासाठी थेंब घालतात. बाहुली मोठी व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पुढे चार ते सहा तास उजेड खुपतो, जवळचे वाचता येत नाही. त्या दिवशी दुचाकी दुसऱ्याने चालवावी. म्हणून घरातल्या सगळ्यांची वेळ एकाच दिवशी घेतली, तरी थेंब सगळ्यांना एकदम घालून घेऊ नयेत.