साथीची खबर कुणासाठी?

साथीच्या रोगाबद्दल खात्रीची माहिती आणि माणसाचा आधार या दोन गोष्टी आज आपण एकाच ठिकाणी शोधतो. शेकडो वर्षं त्या एकत्र नव्हत्या.

१६०३ च्या प्लेगपासून लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंची छापील यादी नियमित निघू लागली. कोण कशाने गेलं हे सांगायच्या गरीब म्हाताऱ्या बायका. हातात खुणेची काठी घेऊन त्या घरोघरी प्रेतं पाहायच्या आणि चर्चच्या कारकुनाला कारण कळवायच्या. प्लेग म्हटलं की घराला चाळीस दिवस टाळं, दारावर लाल क्रूस आणि आजाऱ्यासोबत धडधाकट माणसंही आत कोंडलेली. मग घरचे लोक त्या बाईच्या हातावर चार नाणी ठेवून दुसरंच काहीतरी लिहवून घेत. १६६५ च्या नोंदीत प्लेगचे ६८,५९६ बळी आहेत. खरा आकडा लाखाच्या आसपास असावा, असं इतिहासकार मानतात. त्या घरच्यांना दोष देववत नाही. खरं सांगितल्यावर मदत नाही, कोंडवाडाच मिळणार होता.

पुढे देश एकमेकांना खबर देऊ लागले. १८५१ मध्ये पॅरिसला बारा देश बसले ते कॉलऱ्याबरोबरच बंदरांवर अडकणाऱ्या व्यापाराच्या चिंतेने. १९२५ पासून राष्ट्रसंघाचं (संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेचं) सिंगापूरचं केंद्र बंदरांमधल्या साथींच्या बातम्या तारेने गोळा करू लागलं. काम मोलाचंच, पण ते अधिकाऱ्यांसाठी. खाटेवरच्या माणसाच्या प्रश्नाला त्यात जागा नव्हती.

ती जागा एड्सच्या काळात रुग्णांनी स्वतः मिळवली. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सरकारी आरोग्य साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची, म्हणजे पुढे एड्स ठरलेल्या आजाराची, नोंद आली. ती वाचायची डॉक्टरांनी. घाबरलेल्या माणसाने विचारायचं कुणाला? १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘गे मेन्स हेल्थ क्रायसिस’ या समलिंगी पुरुषांनी उभारलेल्या संस्थेसाठी रॉजर मॅकफार्लेन यांनी स्वतःच्या घरच्या फोनवर, आन्सरिंग मशीन लावून, मदतवाहिनी सुरू केली. पहिल्याच रात्री शंभरावर फोन आले. तेव्हा विषाणू सापडला नव्हता, तपासणी नव्हती, औषध नव्हतं. तरी लोकांना कुणाशी तरी बोलायचं होतं. या सगळ्या इतिहासातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा क्षण हाच. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात जमलेल्या एड्सच्या रुग्णांनी ठणकावलं: आम्हाला ‘बळी’ म्हणू नका आणि आमच्याबद्दलच्या निर्णयांत आम्हाला बसवा.

इंटरनेटने वेग आणला. १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोमेड’ या साथींच्या बातम्या ईमेलने पोहोचवणाऱ्या सेवेने ३० डिसेंबर २०१९ रोजी वूहानमधल्या अनोळखी न्यूमोनियाची खबर जगभर पोहोचवली. दोन महिन्यांच्या आत जागतिक आरोग्य संघटनेला माहितीच्या अफाट लोंढ्यासाठी ‘इन्फोडेमिक’ हा शब्द वापरावा लागला. लंडनमध्ये खरं दडपलं जात होतं, इथे ते गर्दीत हरवू लागलं.

डेन्व्हरच्या मागणीतलं बरंच आता रुळलं आहे. अनेक देशांत एचआयव्ही आणि क्षयरोगाच्या नव्या रुग्णाशी बोलायला, त्याच्या गोळ्यांची चौकशी करायला जो माणूस येतो, तो स्वतः त्याच आजारातून गेलेला असतो.