भोग वेगळे, वधस्तंभ वेगळा

"गुडघे धरलेत हो. काय करणार, प्रत्येकाला आपापला वधस्तंभ आहेच." रविवारची उपासना सुटल्यावर ठाण्यातल्या कुठल्याही मंडळीच्या (चर्चच्या) आवारात पाच मिनिटं उभं राहा, हे वाक्य कानावर पडेल. गुडघ्यांच्या जागी कधी मधुमेह येतो, कधी सासूबाई, कधी दारू पिणारा नवरा, कधी ठाणे-वाशी लोकलची गर्दीसुद्धा. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसतं, पण शब्द चुकलेला असतो. आणि हा एक शब्द चुकला की ख्रिस्ताच्या शिष्यत्वाची किंमत किती हा प्रश्नच उरत नाही. गुडघेदुखीच्या रूपाने ज्याने किंमत आधीच भरली, त्याने आणखी काय भरायचं?

भोग म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. न मागता वाट्याला आलेलं आणि सोसल्याशिवाय न सुटणारं ते भोग. कोणी ते प्रारब्धावर घालतं, कोणी नशिबावर, कोणी नुसतं "चालायचंच" म्हणून पुढे जातं. ख्रिस्ती माणूस प्रारब्ध मानत नाही, म्हणून तो त्याच जागी "वधस्तंभ" म्हणतो. शब्द तेवढा बदलतो, आतला माल जुनाच.

वधस्तंभ म्हणायचं की क्रूस, यावर वेळ घालवू नये. प्रोटेस्टंट मंडळ्यांत वधस्तंभ म्हणतात, कॅथलिक घरांत क्रूस, वस्तू एकच. गळ्यातल्या साखळीत असतो तो तिसराच प्रकार, त्याचं वजन दोन-चार ग्रॅम.

आता मूळ वाक्य बघा. मत्तय १६:२४, मार्क ८:३४ आणि लूक ९:२३ या तिन्ही ठिकाणी येशूच्या बोलण्याची सुरुवात "कोणाला माझ्यामागे यायचं असेल तर" अशी आहे. पुढे येतं: त्याने स्वतःला नाकारावं, आपला वधस्तंभ उचलावा आणि माझ्यामागे यावं. म्हणजे आधी इच्छा, मग वधस्तंभ. "कोणाला मधुमेह हवा असेल तर" असं कोणी म्हणत नाही. तो विचारून येत नाही, आणि नको म्हटल्याने जातही नाही. वधस्तंभाला मात्र नको म्हणता येतं.

ते ऐकणाऱ्यांना "उचल" या शब्दाने ओझं आठवलं नसणार. रोमन पद्धतीत उभा खांब बहुधा मारण्याच्या जागी रोवलेला असायचा. दोषी ठरलेल्याच्या खांद्यावर आडवा वासा देऊन त्याला लोकांदेखत तिथपर्यंत चालवत न्यायचे. वासा खांद्यावर घेतलेला माणूस संध्याकाळी घरी परतत नाही, हे गालीलातल्या पोरालाही ठाऊक असेल. त्याच्या नावाचं, मालमत्तेचं, पुढच्या बेतांचं सगळं तिथेच संपलं. म्हणून येशूचं वाक्य "जड आहे, पण सोस" असं नाही. ते "तुझ्या आयुष्यावरचा तुझा हक्क संपला असं धरून माझ्यामागे चाल" असं आहे.

मग आपल्यापुढचं दुःख यातलं कुठलं, हे ओळखायचं कसं? एक प्रश्न पुरतो: उद्या मी ख्रिस्ताला सोडलं, तर हे ओझं उतरेल का?

गुडघे उतरणार नाहीत. लोकलची गर्दी तर धर्म विचारतच नाही. हे सगळे भोग. आता रबाळे एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचा खरेदी विभाग घ्या. पुरवठादार बिलात पाच टक्के चढवतो आणि त्यातला अर्धा वाटा परत द्यायला तयार असतो. विभागातले बाकीचे घेतात. एकजण घेत नाही आणि चढवलेल्या बिलावर सहीही करत नाही. तीन महिन्यांत त्याच्याकडचे मोठे पुरवठादार काढून दुसऱ्याला दिले जातात, वार्षिक मूल्यमापनात "टीममध्ये मिसळत नाही" असा शेरा येतो आणि बढती हुकते. एका सहीने हे सगळं उद्या थांबेल, आणि ती सही तो केवळ ख्रिस्तामुळे करत नाही. हा वधस्तंभ. दिसायला अगदी फालतू, कोणी साक्षीच्या (उपासनेत आपला अनुभव सांगायच्या) वेळी उभं राहून सांगणारही नाही असा, पण शब्दाच्या नेमक्या अर्थाने वधस्तंभ.

शुभवर्तमानातही ही रेघ स्पष्ट आहे. येशूने एकाही आजाऱ्याला "हा तुझा वधस्तंभ, उचलून चाल" म्हटलेलं नाही. तो बरं करत गेला. यरीहोच्या रस्त्यावरचा आंधळा बार्तीमय (मार्क १०:४६-५२) घ्या. त्याचं आंधळेपण येशू काढून टाकतो. दृष्टी आल्यावर बार्तीमय त्याच्यामागे वाटेने चालू लागतो, आणि ती वाट यरुशलेमला, म्हणजे थेट वधस्तंभाकडे जाते. भोग सुटले तिथे शिष्यत्व सुरू झालं. प्रेषित पौलाच्या शरीरातल्या काट्याचंही, म्हणजे न सुटणाऱ्या त्रासाचंही (२ करिंथ १२), तसंच आहे. काटा काढून टाक म्हणून तो तीन वेळा विनवतो. काटा निघत नाही, कृपा पुरेशी आहे असं उत्तर मिळतं. पण पौल त्याला वधस्तंभ म्हणत नाही, काटाच म्हणतो. भोगांत देव सोबत असतो, त्यातून माणूस घडतो, हे सगळं खरं आहे. पण त्याला शिष्यत्वाची किंमत म्हणून जमाखात्यात धरता येत नाही.

सासूबाईंचं प्रकरण जरा नाजूक आहे, कारण तिथे दोन्ही गोष्टी एकाच खोलीत असतात. अंथरुणाला खिळणं हे सासूबाईंचे भोग. सून किंवा मुलगा त्यांचं सगळं हातांनी करतो, आणि वाशीतली चांगली नोकरी अर्धवेळ करून घेतो. बाई ठेवून बाजूला होण्याची सोय असताना, सासूबाईंना ख्रिस्ताने आपल्यावर सोपवलं आहे असं समजून करतो. तिथे वधस्तंभाची भाषा चालेल. पण मग वधस्तंभ म्हणजे आपण केलेली निवड. सासूबाई नव्हेत. त्यांच्यादेखत त्यांना "माझा क्रूस" म्हणणाऱ्याने निदान आवाज तरी खाली ठेवावा.

या गल्लतीचा सगळ्यात घातक वापर मार खाणाऱ्या बाईवर होतो. "सहन कर ताई, हा तुझा वधस्तंभ आहे," असा सल्ला अजूनही दिला जातो. नवऱ्याची मारहाण हा अन्याय आहे. त्यात तिने निवडलेलं काही नाही, आणि तो सोसल्याने ख्रिस्ताचं अनुसरण होत नाही. तिच्यासाठी कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहे. पाळकाने (मंडळीच्या धर्मगुरूने) तिला तिथपर्यंत सोबत करावी, वचनं पाठ करायला देऊ नयेत.

गंमत म्हणजे हा फरक ठाण्यात सातशे वर्षांपूर्वी एका घरात घडून गेला आहे. एप्रिल १३२१ मध्ये ठाण्यात फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे चार साधू मारले गेले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. निघाले होते चीनला. पुढे त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेलेल्या ओदोरिक या फ्रान्सिस्कन साधूने दिलेली हकिकत अशी: ते उतरले होते त्या नेस्तोरियन (पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या) ख्रिस्ती घरात नवऱ्याने बायकोला मारलं. ती सकाळी काजीकडे तक्रार घेऊन गेली आणि घरात चार परदेशी साधू साक्षीला आहेत असं म्हणाली. बोलावणं आलं तेव्हा तिघे गेले, पीटर सामानापाशी थांबला. तिथे मारहाणीचा विषय राहिला बाजूला आणि श्रद्धेवर सवाल-जवाब सुरू झाले. तिघे आपल्या उत्तरावर ठाम राहिले आणि जिवाला मुकले, मग पीटरही. बायकोचा मार हे तिचे भोग होते, आणि ती गप्प न बसता न्याय मागायला गेली ते बरोबरच केलं. साधूंचं मरण हा वधस्तंभ होता, कारण उत्तर बदलणं त्यांच्या हातात होतं. आणि ते मरण शोधायला आलेले नव्हते, हेही लक्षात ठेवावं. दुःख ओढवून घेण्याची हौस हा आणखी तिसरा घोटाळा.

आता किंमत. लूक १४ मध्ये बुरुज बांधणाऱ्याचा दाखला आहे: आधी बसून हिशेब कर, नाहीतर पाया घालून काम अडेल आणि येणारे-जाणारे हसतील. घोडबंदर रोडवर फ्लॅट बघणाऱ्याला हा दाखला जास्त समजवावा लागू नये. जाहिरातीतला आकडा वेगळा. त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी, जीएसटी, पार्किंग, सोसायटीची अनामत चढते, आणि पुढे वीस वर्षं हप्ता. टोकन भरलं म्हणजे घर झालं नाही. पण बाप्तिस्म्याच्या तयारीत मात्र टोकनवरच सगळं उरकतं. "येशूकडे या, नोकरी लागेल, व्हिसा होईल" ही तर निव्वळ बिल्डरची जाहिरात.

हिशेब नेमका करायचा तर काही कलमं आधी टेबलावर हवीत. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध यांखेरीज दुसरा धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही. अनुसूचित जमातींना ही अट नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २६ नुसार धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांचा वारसा मिळत नाही, वारसा उघडतो तेव्हा, म्हणजे तो नातेवाईक वारतो तेव्हा, ती मुलं स्वतः हिंदू असतील तर गोष्ट वेगळी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचं धर्मांतर हे घटस्फोटाचं कारण आहे. हे कायदे योग्य की अयोग्य हा वाद वेगळा आहे आणि तो घालायलाच हवा. पण बाप्तिस्मा देणाऱ्याने घेणाऱ्याला हे आधी सांगितलं नाही, तर त्याने बुरुजाचा दाखला वाचलेला नाही. वर लावलेल्या कसोटीला हे नुकसान उतरतं: ख्रिस्ताला सोडलं तर यातलं बरंचसं वाचतं.

लूकच्या त्याच १४ व्या अध्यायात आईबापांचा "द्वेष" केला पाहिजे असं वचन आहे. तो इब्री (हिब्रू) बोलण्याचा ढंग, अर्थ "कमी प्रेम". मत्तय १०:३७ ते सरळच सांगतो: माझ्यापेक्षा जास्त नको. म्हातारे आईबाप टाकून प्रार्थनासभांना फिरणाऱ्याने मार्क ७ वाचावा. देवाला वाहिलं म्हणून आईबापांचं चुकवणाऱ्यांना येशूने तिथे चांगलंच फैलावर घेतलं आहे.

तारण (पापातून सुटका) फुकट आहे आणि शिष्यत्व महाग, यात काहींना विसंगती दिसते. मूल जन्माला येताना कमाई करून येत नाही, पण घरात राहायचं तर घराचे नियम आलेच. यापलीकडे त्यात कोडं नाही.

शिष्यत्व जन्मभराचं म्हणतात, ते मात्र नीट बघण्यासारखं आहे. "दररोज" हा शब्द फक्त लूकने घातला आहे. मूळ ग्रीकमध्ये "नाकार" आणि "उचल" ही क्रियापदं एकवार करायच्या कृतीच्या रूपात आहेत, "मागे ये" हे चालू राहणाऱ्या कृतीच्या रूपात. मराठीत सांगायचं तर: नाकार, उचल, आणि चालत राहा. रबाळ्याच्या त्या माणसाला मार्चअखेरीला पुन्हा नवं बिल येतं. गेल्या वर्षी सही केली नव्हती, ते या वर्षी कामाला येत नाही.

आणि एक अडचणीचा माणूस उरतो: कुरेनेचा शिमोन. शेतावरून येताना शिपायांनी त्याला धरलं आणि येशूचा वधस्तंभ जबरदस्तीने त्याच्या खांद्यावर दिला. इच्छा नाही, निवड नाही, म्हणजे आपल्या कसोटीने हे शुद्ध भोग. पण मार्क (१५:२१) त्याची ओळख "आलेक्सांद्र व रूफ यांचा बाप" अशी करून देतो, जणू वाचणाऱ्यांना ही पोरं ओळखीची आहेत. आणि रोमच्या मंडळीला लिहिताना पौल एका रूफाला आणि त्याच्या आईला सलाम पाठवतो. रूफ तोच की दुसरा, हे सांगता येत नाही.